हळदीबाबा आणि तिसरी सुई

मंगळवारी सकाळी गावाबाहेरच्या कडुनिंबाखाली इतकी माणसं जमली, की टँकरवाल्याला वाटलं आपल्यासाठीच जमलीत, आणि त्याने भीतीने गाडी दुसऱ्या रस्त्याला घातली. एरवी घागरी-कळश्या घेऊन निम्मं गाव त्याच्यामागे धावलं असतं. त्या दिवशी कुणी जागचं हललं नाही. ज्या वर्षी लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या वर्षी माणसं टँकर सोडून बसून राहतात, म्हणजे समोर काहीतरी जबरदस्त चाललेलं असणार.

समोर हळदीबाबा बसले होते.

गाव लातूर-नांदेडच्या शिवेवरचं, तालुक्याचं. त्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण त्याला स्वतःला आहे तेवढं पुरत नव्हतं. त्याला जिल्हा व्हायचं होतं. चौकाचौकात ‘जिल्हा झालाच पाहिजे’ असे फलक लागले होते. नळाला पाणी नव्हतं, पण कलेक्टर कचेरी कुणाच्या वावरात बांधायची यावर रोज भांडणं होती. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. जिल्हा कृती समितीचे अध्यक्ष शिवप्पाअण्णा आडतवाले बाबांच्या उजव्या हाताला मांडी घालून बसले होते. बाबांनी त्यांना सांगितलं होतं, “पाऊसबी पडंल आन जिल्हाबी हुईल.” एका मांडवात दोन कामं होतायत म्हटल्यावर अण्णांनी मांडव घालून दिला.

बाबांच्या पुढ्यात सरजाबाईच्या डेऱ्यातल्या जोगत्या उभ्या होत्या. कागदावर त्यांना तृतीयपंथी म्हणतात. चौकात काय म्हणतात ते सगळ्यांना माहीत आहे. पुरुषाच्या देहात जन्मून बाई म्हणून जगणाऱ्या, यल्लम्माला वाहिलेल्या, दुकानोदुकानी जोगवा मागून पोट भरणाऱ्या या बाया. एरवी गाव त्यांच्याकडे बघून हसायचं नाहीतर तोंड फिरवायचं. आज मात्र गाव डोळे फाडून त्यांच्याकडेच बघत होतं.

नीलम्मा गर्दीच्या मागे उभी होती. ती याच डेऱ्यातली, पण देगलूरच्या बाजाराला गेली होती आणि आताच एस.टी.तून उतरली होती. माणसांच्या खांद्यांमधून तिला इंदू दिसली. इंदू डेऱ्यातली सगळ्यात धाकटी. विशीही न गाठलेली. बाबांनी तिला नाव विचारलं आणि “इंदू, पुढं ये” म्हणून बोलावलं.

“सुई घेतलीस का?” बाबांच्या सेवेकऱ्याने इंदूला विचारलं. “भंडारा उचलून सांग.”

इंदूने कमरेच्या पिशवीतून हळदीची चिमूट काढली, कपाळाला लावली आणि उरलेली दंडावर चोळली. “घेतली. दोनदा.”

सेवेकऱ्याने तांब्यातलं पाणी तिच्या दंडावर ओतलं. पिवळी हळद बघता बघता लाल झाली. लाल ओघळ कोपरावरून खाली आला आणि पांढऱ्या फुफाट्यात टपटप पडला. गर्दीतून “अगं माय” असा एकच आवाज उठला.

“बघा,” बाबा म्हणाले. “बाबानं हात लावला? न्हाई. हळद बाबाची? न्हाई. हळद तिच्या पिशवीतली, हात तिचा, देवी तिची. मंग रगत कुणाचं? सुईचं. पहिली सुई मांसात जाती. दुसरी रगतात जाती. तिसरी हाडात जाऊन बसती. तिसरी बसली की देवी उठून जाती. आन देवी उठली की तिच्यामागं ढगबी उठून जात्यात.”

हवामान खात्याला इतक्या वर्षांत जे सापडलं नव्हतं, ते बाबांनी एका तांब्यात दाखवून दिलं. शिवप्पाअण्णांनी अशी मान हलवली, जणू त्यांना ही शंका आधीपासून होती.

मग डेऱ्याची गुरू, म्हातारी सरजाबाई पुढे झाली. तिने भंडारा उचलला. “म्या न्हाई घेतली.” तिच्या दंडावर पाणी पडलं. हळद पिवळीच राहिली, धुऊन फिकी झाली. लोकांनी हात जोडले. बाबांनी निकाल दिला: ज्यांनी सुई घेतली त्यांनी दर मंगळवारी येऊन ती उतरवून घ्यायची, आणि तिसरी सुई कुणीही घ्यायची नाही, घेतली, तर पुढचा मिरगही कोरडा.

दुष्काळाला इतके दिवस कुणी धनी नव्हता. त्या दिवशी तो सापडला.

ही सुई कसली, ते सांगायला हवं. जगदेवी म्हणून नीलम्माची गुरुबहीण होती. तिला आदल्या साली कावीळ झाली. कुणी मंतरलेला दोरा बांधला, कुणी पाल्याचा रस पाजला. पोट फुगल्यावर मोठ्या शहरातल्या दवाखान्यात नेली. तिथे तिला बायकांच्या वॉर्डात ठेवायचं की पुरुषांच्या, यावर बोलणी चालली, आणि बोलणी संपायच्या आत जगदेवी संपली. तिच्या तेराव्याला नीलम्मा तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन डॉक्टर कुसुमबाईंना भेटली. अशी कावीळ आमच्यात आणखी कुणाला होईल का, हे तिला विचारायचं होतं.

डॉक्टरबाईंनी सरळ सांगितलं. ही कावीळ पाण्यातून येत नाही. रक्तातून आणि शरीरसंबंधातून येते, गुपचूप यकृत खाते. तिच्यावर लस आहे. तीनदा घ्यायची, मधे अंतर ठेवून. “दोनवर थांबलात तर भिंत अर्धीच राहील,” त्या म्हणाल्या, “आणि अर्ध्या भिंतीवर छप्पर टाकता येत नाही.” नीलम्माने डेऱ्यात सगळ्यांच्या नाकदुऱ्या काढल्या. सरजाबाई स्वतः तयार झाली नाही, पण पोरींना तिने जाऊ दिलं. दोन सुया झाल्या. तिसरी उन्हाळ्यात होती, आणि उन्हाळ्याबरोबर हळदीबाबा आले.

त्या मंगळवारनंतर बाजारात जोगत्यांना जोगवा मिळेना. “आधी सुई उतरवून या,” दुकानदार म्हणायचे. टँकरवरच्या बायकांनी त्यांच्या कळश्या बाजूला सारल्या. वड्याचं तेल वांग्यावर काढायला गाव एका पायावर तयार होतं. शेवटी सरजाबाईने सगळ्यांना समोर बसवलं.

“तिसरी सुई कुणी घ्यायची न्हाई. जी जाईल तिला डेऱ्याचं दार बंद.”

“गुरुमाय, जगदेवी कशानं मेली?” नीलम्माने विचारलं.

“कशानं मेली ते देवीला ठाव. जित्या हायेत त्यांना पाणी पाजायचंय मला. तू पाजणार का?”

गुरूने दार बंद केलं म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळायचं नाही. आईबापांनी टाकलेल्या लेकराला गुरू हीच आई. आजारपणात तीच, मेल्यावर खांदा द्यायला तीच. इंदूला हिमायतनगरच्या घरातून बापाने हाकललं, तेव्हा रेल्वे स्टेशनवरून तिला याच सरजाबाईने उचलून आणलं होतं. तिला दुसरं दार नव्हतं.

“इंदू, तू माझ्यासंगं चल,” नीलम्मा तिला म्हणाली. “गुरुमायला मी बघते.”

“न्हाई आक्का. म्या माझ्या डोळ्यानं बघितलं. हळद माझी व्हती.”

खरंच हळद इंदूचीच होती. देवीचा भंडारा साक्षीला उभा राहिला, तर जोगतीने आणखी कुणाला विचारायचं? नीलम्माचाही यल्लम्मावर भरवसा होता. पण जगदेवीचे पिवळे डोळे तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते, आणि आता त्यांच्या जागी इंदूचे डोळे दिसायला लागले होते.

पुढच्या मंगळवारी ती मांडवाच्या एका बाजूला पदर ओढून बसली आणि फक्त सेवेकऱ्याच्या हातांकडे बघत राहिली. त्याच्याजवळ दोन तांबे होते. माणूस ‘घेतली’ म्हणालं की हात उजव्या तांब्याकडे जाई, ‘न्हाई’ म्हणालं की डाव्याकडे. याचा अर्थ लावायला तिला वेळ लागला असता. पण तेवढ्यात चाकूरकडची एक सून तान्हं लेकरू खांद्यावर टाकून पुढे आली. नीलम्माने तिला चारच दिवसांपूर्वी दवाखान्यात बघितलं होतं, दंडावर कापूस दाबून बाकावर बसलेली.

“सुई घेतली का?”

सुनेने शेजारी उभ्या असलेल्या सासूकडे बघितलं. “न्हाई.”

डावा तांब्या. हळद पिवळीच.

म्हणजे देवीसुद्धा सासूला घाबरली म्हणायची. नीलम्मा उठली ती थेट माधवराव मास्तरांच्या दारात गेली.

माधवराव शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. गावात त्यांना नास्तिक म्हणत आणि वाचनालयाची सभा सोडली तर कुठे बोलवत नसत. नीलम्मा उंबऱ्याबाहेरच थांबली. “आत या, बसा,” ते म्हणाले आणि खुर्ची पुढे केली. तिला ‘तुम्ही’ म्हणणारं माणूस विरळाच; ती खुर्चीच्या अगदी कडेला बसली आणि तिने बघितलेलं सगळं सांगितलं.

मास्तर पान खाणारे. त्यांनी डबा ओढला, नीलम्माच्या पिशवीतली चिमूटभर हळद तळहातावर घेतली, तिच्यावर चुन्याचं बोट फिरवलं आणि दोन थेंब पाणी टाकलं. तळहात लालभडक झाला.

“पूर्वी घरोघरी कुंकू याच तऱ्हेने करायचे,” ते म्हणाले. “हळदीला चुना देऊन. तुमच्या कपाळावर रोज असतं ते.”

नीलम्माने बोटाने तो लाल रंग पुसून बघितला. तिला हसू येत होतं आणि रडूही. “पन त्याचं पाणी निवळ हाय, मास्तर. चुना दिसत न्हाई.”

“चुना पाण्यात कालवून ठेवायचा. खाली गाळ बसला की वरचं निवळ पाणी काढून घ्यायचं. दिसायला काचेसारखं. त्यात चुना दिसत नाही, पण असतो.”

“मंग तुमी चला आन गावाला सांगा.”

“मी सांगून बघितलं आहे. पालथ्या घड्यावर पाणी, तेही असल्या दुष्काळात.” मास्तरांनी हात पुसले. “नीलम्माबाई, त्याला अंगातली सुई कळत नाही. त्याला तुमचं उत्तर कळतं. तुम्ही खरं सांगता, म्हणून त्याचं कधी चुकत नाही. कुणीतरी एकदा खोटं सांगायला हवं.”

भंडारा उचलून जोगती खोटं बोलत नाही. चोरीचा आळ आला, नवरा सोडून गेला, गुरुबहिणींत हाणामारी झाली, तरी भंडारा उचलला की जे निघेल ते खरंच, आणि त्यावर वाद संपतो. पोलीस, कोर्ट, पंचायत यातलं काहीच ज्यांच्या वाट्याला येत नाही, त्यांच्याकडे एवढी एकच गोष्ट खरी असते. त्या लबाडाने नेमकी तीच हेरली होती. बाबांची सगळी विद्या या बायांच्या खरेपणावर उभी होती.

“तुमाला सोपं हाय मास्तर,” ती म्हणाली. “तुमाला देव न्हाई.”

“खरं आहे. म्हणूनच मी तुम्हाला हे करा म्हणणार नाही.”

ती डेऱ्यावर परतली. खोटं बोलल्याचा देवीला राग येईल, असं तिला वाटत होतं. मग तिच्या मनात आलं, जगदेवी तडफडून मेली तेव्हा कुणाला कुठे राग आला होता? आणि तिला सगळ्यात जास्त राग आला तो या विचाराचा, की खोटं बोलायची पाळी त्या बाबावर न येता आपल्यावर यावी.

पुढच्या मंगळवारी मांडव आणखी मोठा होता. बाबांचं तेच चाललं होतं. पहिली मांसात, दुसरी रगतात. नीलम्मा सरळ पुढे गेली. बाबांनी तिला आधी बघितलेलं नव्हतं.

“सुई घेतली का? भंडारा उचलून सांग.”

तिने चिमूट उचलली, कपाळाला लावली, दंडावर चोळली. “न्हाई,” ती म्हणाली. “एकबी न्हाई.”

मागे बसलेल्या जोगत्या एकमेकींकडे बघायला लागल्या. सरजाबाई अर्धी उठली. नीलम्माने दोन सुया घेतल्या होत्या हे सगळ्या डेऱ्याला ठाऊक होतं. इंदूला हात धरून तिनेच नेलं होतं. सेवेकऱ्याने डावा तांब्या उचलला आणि पाणी ओतलं.

हळद पिवळीच राहिली.

“बघा, देवीची निर्मळ लेक,” बाबा म्हणाले.

नीलम्माने तो पिवळा दंड गर्दीकडे फिरवला. “म्या दोन सुया घेतल्यात. तालुक्याच्या दवाखान्यात. माझ्या डेऱ्याला इचारा. म्या खोटं बोलले, आन तुमच्या बाबाला कळलं न्हाई.”

माणसं बाबांकडे बघायला लागली. पण बाबा कच्च्या गुरूचे नव्हते. “खोटं बोलली म्हणून देवीनं तिला सोडलं,” ते ओरडले. “सोडलेल्या अंगाची देवी साक्ष देत न्हाई.” गर्दीने लगेच माना डोलावल्या. उजवीकडे ढकललं की उजवीकडे, डावीकडे ढकललं की डावीकडे. नीलम्माला वाटलं, संपलं. भंडाराही बाटला आणि पदरातही काही पडलं नाही.

तेव्हा सरजाबाई उठली. म्हातारी शाळेत गेली नव्हती, पण सत्तर वर्षं माणसांची तोंडं वाचून तिने डेरा चालवला होता. ती चालत पुढे आली, आणि तिने नीलम्माच्याच पिशवीत हात घालून भंडारा उचलला.

“म्याबी घेतली सुई,” ती म्हणाली. “त्या मंगळवारानंतर, शुक्रवारी गेले व्हते.”

बाबांचा चेहरा फुलला. खुद्द गुरूने आज्ञा मोडली, आणि तीही सगळ्या गावासमोर सापडली. त्यांनी डोळ्याने खूण केली. सेवेकऱ्याने उजवा तांब्या उचलला, आणि म्हातारीचा दंड रक्तासारखा लाल झाला.

“माझ्या अंगाला जन्मात सुई लागली न्हाई,” सरजाबाई गावाकडे बघून शांतपणे म्हणाली. “ही खोटं बोलली तर पिवळं. मी खोटं बोलले तर लाल. मंग ह्यो बाबा सुई बघतो, का तोंडाकडं बघून तांब्या बदलतो?”

गर्दीत येऊन उभे राहिलेले माधवराव मास्तर तेवढ्यात पुढे सरकले होते. सेवेकऱ्याने तांबे लवंडायच्या आत त्यांनी उजवा हिसकून घेतला. शिवप्पाअण्णांच्या पांढऱ्या उपरण्याला त्यांनी हळद फासली आणि वर पाणी ओतलं. उपरणं लाल झालं. “अण्णा, तुमच्या उपरण्याने कुठली सुई घेतली होती?” त्यांनी विचारलं. मग चुना कसा भिजवायचा, वरचं निवळ पाणी कसं काढायचं, हे त्यांनी शाळेतल्या आवाजात सांगितलं. एक पानवाला गर्दीतून म्हणाला, “आरं, हे तर माझ्या डब्यात रोज हुतं.” लोक हसायला लागले. बाबा जाताना ओरडत होते, की भंडारा उचलून दोघी खोटं बोलल्या, आता पाऊस पडला तर बघा. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

पण यानंतर जे झालं ते कुठल्याही बाबाने केलेलं नाही, ते आपल्याच माणसांनी केलं, म्हणून ते झाकून चालणार नाही. मांडव उठल्यावर गाव बाबाला हसलं नाही. गाव जोगत्यांना हसलं. “हळदीला भ्याल्या,” म्हणाले. त्याच हळदीपुढे हात जोडून आपणही बसलो होतो, हे सगळे विसरले. शिवप्पाअण्णांना पहिल्यापासून शंका होतीच. दुष्काळ तुमच्यामुळे पडला, असं ज्यांनी तोंडावर म्हटलं होतं, त्यातल्या एकानेही डेऱ्यावर येऊन चुकलं म्हटलं नाही. टँकरवर मात्र परत रांग मिळाली, पूर्वीसारखी शेवटची.

सरजाबाईने देवीपुढे नाक घासलं आणि पोरींना सांगितलं, “खोट्याचं पाप माझं. तुमी जावा.” तिसऱ्या सुईच्या दिवशी सगळ्या मिळून दवाखान्यात गेल्या. इंदू नवं लुगडं नेसून आली होती. आधीच्या दोन्ही सुया स्वतः देणाऱ्या डॉक्टर कुसुमबाई आज प्रसूतीच्या खोलीत अडकल्या होत्या. बाहेरच्या टेबलावरच्या माणसाने कागद बघून नाव पुकारलं. बापाने ठेवलेलं, हिमायतनगरला सोडून आलेलं नाव. इंदू हलली नाही. त्याने परत पुकारलं, मोठ्याने, आणि मग मान वर करून म्हणाला, “कुठाय ह्यो गडी? लुगड्यात हाय का?”

सगळा व्हरांडा हसला. शिकलेले, न शिकलेले, लेकरं घेऊन आलेल्या आयासुद्धा.

इंदू उठली आणि फाटकाबाहेर चालू लागली. नीलम्मा मागे धावली, रस्त्यात तिने तिचा हात धरला.

“इंदू, एकच राहिलीय. डोळे मिटून घे आन घेऊन टाक.”

“आक्का, त्यो बाबा लबाड व्हता,” इंदू म्हणाली. “पन त्यानं मला माझं नाव इचारलं व्हतं. आन मंग त्याच नावानं हाक मारली व्हती.”

तिने हात सोडवून घेतला. नीलम्मा परत गेली, भांडली, डॉक्टरबाई बाहेर आल्या, त्या माणसाला बोल बसले, बाकीच्या सगळ्यांना लस मिळाली. संध्याकाळी डेऱ्यात आल्या तेव्हा इंदूची पेटी जागेवर नव्हती. कुणी म्हणालं नांदेडच्या गाडीत बसली. नीलम्मा नांदेडला जाऊन आली, तिथल्या डेऱ्यांत विचारून आली. इंदू सापडली नाही.

हळदीला चुना लागला की ती लाल होते. घरात हळद आहे, कोपऱ्यावर पानाची टपरी आहे. आजच करून बघा आणि लेकरांना दाखवा. अंगातली सुई कुणालाही पाण्याने उतरवता येत नाही, आणि सुईने देवीही उठत नाही, पाऊसही नाही. या काविळीची लस तीनदा घ्यायची असते आणि तीनदाच घ्यावी. हे समजायला शाळा लागत नाही, थोडा विचार लागतो. आणि विचार जोगत्यांनीच करायचा असतो असं नाही. टेबलामागे बसलेल्याने आणि बाकावर हसणाऱ्यानेही तो करायचा असतो, कारण बाबा आला तेव्हा ही माणसं त्याच्या मांडवात गेली, ती तुमच्या अशाच व्हरांड्यांतून उठून गेली.

तुमच्या दवाखान्यात इंदू नावाची कुणी आली, तर तिला आधी नाव विचारा, आणि ती सांगेल त्या नावाने हाक मारा. तिची एक सुई राहिली आहे.